राष्ट्राध्यक्ष आणि राष्ट्रपती: सोलापूरच्या टॉवेलवरचा कर नेमका कुणाच्या सहीनं वाढतो?

(हा भाग नोव्हेंबर २०२५ मध्ये रेकॉर्ड केलाय. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

मागच्या भागानंतर व्हॉइस नोट्स बऱ्याच आल्या. त्यातली एक आपल्या पूर्व भागातल्या एका मित्राची. तो म्हणतो, "दादा, ट्रम्प एक सही करतो आणि आपल्या टॉवेलवर पन्नास टक्के टॅरिफ बसतो. मग आपल्या राष्ट्रपतींनी पण एक सही करून विषय संपवायचा ना. त्या पण राष्ट्रपतीच आहेत की!"

हसू नका, प्रश्न एकदम बरोबर आहे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात दोन्ही पदं होती, पण शेजारी शेजारी ठेवून कुणी दाखवली नव्हती. आज तेच करू. परराष्ट्र धोरणात कुणाच्या हातात काय असतं आणि ते त्याच्या हातात आलं कुठून, एवढंच आजच्या भागात.

आधी शब्द बघू

हिंदी न्यूज चॅनल लावलं की "राष्ट्रपति ट्रंप" ऐकू येतं. मराठी पेपर उघडला की "अमेरिकेचे अध्यक्ष" किंवा "राष्ट्राध्यक्ष ट्रम्प". आणि दिल्लीतल्या पदाला मात्र "राष्ट्रपती". इंग्रजीत दोघंही प्रेसिडेंटच. हिंदीतही एकच शब्द. मराठीनं मात्र दोन शब्द ठेवलेत, आणि ते फार कामाचं आहे. कारण खुर्च्या खरंच दोन वेगळ्या आहेत.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष हाच सरकारचा प्रमुख. आपल्याकडे पंतप्रधान जे करतात ते काम त्याचं, आणि राष्ट्रपती जे करतात तेही त्याचंच. आपल्याकडे ही दोन कामं दोन माणसांत वाटलेली आहेत. हे डोक्यात ठेवा, पुढचं सोपं जाईल.

टॉवेलचा हिशोब

आता अक्कलकोट रोड एमआयडीसीत येऊ. सोलापूरची चादर आणि सोलापूरचा टेरी टॉवेल, दोघांनाही जीआय मानांकन आहे. टॉवेल देशात विकला जातो तसा बाहेरही जातो, आणि बाहेरच्या गिऱ्हाइकांत अमेरिका आहे.

पहिला गैरसमज काढून टाकू. "भारतावर टॅरिफ लावला" म्हणजे भारत सरकार पैसे भरतं का? नाही. सोलापूरचा कारखानदार भरतो का? थेट तोही नाही. अमेरिकेत माल मागवणारा जो आयातदार असतो तो तिथल्या कस्टमला पैसे भरतो. मग तो आपल्या कारखानदाराला मेल करतो, "भाऊ, माझा खर्च वाढला, तू रेट कमी कर, नाहीतर ऑर्डर थांबवतो." तिथून ते ओझं इकडं येतं.

आकडे बघा. कापसाच्या टेरी टॉवेलवर अमेरिकेचा नेहमीचा कर ९.१ टक्के आहे. म्हणजे १०० डॉलरच्या मालावर ९ डॉलर १० सेंट. ७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर त्यात २५ टक्के वाढले. २७ ऑगस्टपासून रशियाचं तेल घेतो म्हणून आणखी २५. बेरीज करा: १०० डॉलरच्या टॉवेलवर ५९ डॉलर १० सेंट.

आता पाकिस्तान. टेरी टॉवेलमध्ये तो आपला मोठा स्पर्धक. २०२५ मध्ये त्याच्यावर वाढीव कर १९ टक्के होता. म्हणजे त्याच १०० डॉलरच्या मालावर २८ डॉलर १० सेंट. बांगलादेश आणि व्हिएतनामवर २० टक्के होता. अमेरिकेतल्या खरेदीदारानं कुणाकडून घ्यावं हे सांगायला कॅल्क्युलेटर लागत नाही. पंधरा-वीस टक्के फरक असता तर कारखानदारानं मार्जिन कापून काहीतरी जमवलं असतं. एकतीस टक्क्यांचा फरक टॉवेलच्या धंद्यात कुठल्या मार्जिनमधून काढणार?

आणि ऑर्डर थांबली की पहिला फटका मागावरच्या माणसाला. यंत्रमागावर जितकं काम तितकी मजुरी. माग बंद म्हणजे त्या दिवसाचं खातं कोरं.

गंमत बघा, तुम्ही ज्यावर हे ऐकताय तो स्मार्टफोन भारतात बनून अमेरिकेत गेला तर त्याला २०२५ मध्ये या वाढीव करातून सूट दिलेली होती. टॉवेलला नाही. सूट कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, हेही त्याच आदेशांच्या पुरवणीत ठरतं.

पण हा अधिकार त्याचा आहे का?

इथं खरी गोष्ट सुरू होते. अमेरिकेची राज्यघटना उघडली तर कर आणि आयात शुल्क लावायचा अधिकार राष्ट्राध्यक्षाच्या कलमात सापडतच नाही. तो पहिल्या कलमात आहे आणि ते कलम काँग्रेसचं, म्हणजे तिथल्या संसदेचं. परदेशांशी व्यापाराचे नियम करायचा अधिकारही तिचाच.

राष्ट्राध्यक्षाचं कलम दुसरं. त्यात काय मिळतं? सैन्याचं सर्वोच्च नेतृत्व. करार करणं, पण सिनेटच्या दोन तृतीयांश मतांनी. राजदूत नेमणं, पण सिनेटच्या संमतीनं. दुसऱ्या देशाचे राजदूत स्वीकारणं, हे मात्र त्याचं एकट्याचं. पहिल्या महायुद्धानंतर अध्यक्ष विल्सन स्वतः पॅरिसला बसून व्हर्सायचा तह करून आले आणि त्यांच्याच सिनेटनं तो नाकारला. म्हणजे घटनेत लगाम आहे, आणि तो वापरला गेलेला आहे.

मग टॅरिफचं पेन राष्ट्राध्यक्षाच्या हातात आलं कसं? काँग्रेसनं दिलं, एकदम नाही, थोडं थोडं करत.

१९३० साली काँग्रेसनं स्वतः बसून हजारो वस्तूंचे दर वाढवले. बाकीच्या देशांनी उलट कर लावले, जगाचा व्यापार आटला. तेव्हा लक्षात आलं की खासदार दर ठरवायला बसले की प्रत्येक जण आपापल्या भागातल्या धंद्यासाठी ओढतो. म्हणून १९३४ मध्ये कायदा करून राष्ट्राध्यक्षाला सांगितलं, तू दुसऱ्या देशांशी बोल आणि ठरलेल्या मर्यादेत दर बदल. १९६२ च्या कायद्यात राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणानं कर लावायची वाट दिली, पोलाद आणि ॲल्युमिनियमवरचे कर त्यातूनच आले. १९७४ च्या कायद्यात दुसरा देश व्यापारात अन्याय करत असेल तर चौकशी करून कर लावायची वाट. आणि १९७७ मध्ये आणीबाणीतल्या आर्थिक अधिकारांचा कायदा आला. भारतावरचे दोन्ही २५ टक्के याच १९७७ च्या कायद्यावर उभे होते.

मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे मला हे फोनच्या परमिशनसारखं दिसतं. फोन काँग्रेसचा. राष्ट्राध्यक्ष म्हणजे त्यातलं एक ॲप. कधीतरी गरज होती म्हणून "अलाऊ" दाबलं. कॅमेरा दिला, लोकेशन दिलं, कॉन्टॅक्ट्स दिले. एकेक परमिशन देताना कारण बरोबरच होतं. पन्नास वर्षांनी ॲप त्या सगळ्या परमिशन एकत्र वापरून काय करू शकतं, हे देताना कुणी पाहिलेलं नसतं.

परमिशन काढून का घेत नाहीत?

चांगला प्रश्न. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन आपण एका टॅपमध्ये परमिशन बंद करतो. काँग्रेसनंही तशी सोय ठेवली होती. राष्ट्राध्यक्षानं आणीबाणी जाहीर केली तर दोन्ही सभागृहं ठराव करून ती संपवू शकत होती, त्याची सही न लागता.

१९८३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं चड्ढा नावाच्या स्थलांतरिताच्या खटल्यात निकाल दिला की राष्ट्राध्यक्षाच्या सहीशिवाय असे ठराव घटनेत बसत नाहीत. त्या एका निकालानं अशा सगळ्या सोयी गेल्या. आता आणीबाणी संपवायची तर ठराव राष्ट्राध्यक्षाकडेच सहीला जातो. तो व्हेटो मारणार. तो मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. थोडक्यात, परमिशन द्यायला साधं बहुमत पुरलं. काढायला जवळजवळ अशक्य आकडा लागतो.

त्यामुळे होतं काय, की आणीबाण्या वर्षानुवर्षं चालू राहतात. रशियाच्या तेलावरून भारताला लावलेले २५ टक्के घ्या. त्याला आधार दिलेली रशियाबाबतची आणीबाणी मुळात बायडेन यांच्या काळात जाहीर झालेली. एकानं चालू केलेली परमिशन दुसऱ्यानं वेगळ्याच कामाला वापरली.

२०२५ मध्ये कोर्टात काय चाललं होतं?

१९७७ च्या कायद्यात लिहिलंय की आणीबाणीत राष्ट्राध्यक्ष आयातीचं "नियमन" करू शकतो. टॅरिफ हा शब्द त्यात नाहीच. सरकार म्हणतं, नियमन म्हणजे करही आला. खटला लावणारे व्यापारी आणि राज्यं म्हणतात, कर लावणं ही वेगळी आणि मोठी गोष्ट, ती काँग्रेस अशी गुपचूप देणार नाही.

सरकारच्या बाजूनं एक जुना दाखला आहे. १९७१ मध्ये निक्सन यांनी आयातीवर सरसकट १० टक्के जादा कर लावला होता, आणि तशाच शब्दांच्या एका जुन्या कायद्याखाली अपील कोर्टानं तो मान्य केला. पण तो काही महिन्यांपुरता होता आणि त्याला मर्यादा होत्या.

यावेळी आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयानं २८ मे २०२५ ला सरकारविरुद्ध निकाल दिला. अपील कोर्टानं २९ ऑगस्टला ७ विरुद्ध ४ मतांनी तोच कल ठेवला. कर मात्र चालूच राहिला, कारण प्रकरण वर गेलं. सुप्रीम कोर्टात ५ नोव्हेंबरला सुनावणी झाली. तेव्हा निकाल यायचा होता. हा खटला मुख्यतः व्यापारातल्या तुटीच्या नावानं लावलेल्या करांवर होता, तेलावरून लावलेले २५ टक्के थेट त्यात नव्हते. पण कायदा एकच, त्यामुळे निकालाची सावली दोन्हींवर पडणार होती.

एक धोक्याची सूचना. सरकार हरलं तरी टॉवेल लगेच ९.१ टक्क्यांवर येईल असं धरून कुणी नवे माग बसवू नका. दुसऱ्या परमिशन आहेतच. १९७४ च्या कायद्यातल्या एका कलमात १५ टक्क्यांपर्यंत कर १५० दिवस लावता येतो. चौकशी करून लावायची वाट वेगळीच. फरक एवढाच की त्या वाटांवर मुदत, मर्यादा किंवा चौकशी असते. रात्रीत पन्नास टक्के करणं अवघड जातं. व्यापाऱ्याला कमी कर हवाच असतो, पण त्याहून जास्त हवं असतं ते म्हणजे सहा महिन्यांनी दर काय असेल याचा अंदाज.

हीच गोष्ट आयटीवाल्यांची

टॉवेलचा विषय आपला नाही असं वाटणाऱ्या माझ्या धंद्यातल्या मित्रांसाठी. १९ सप्टेंबर २०२५ ला एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर भरायची घोषणा झाली. लागू होणार होती आपल्या रविवारी सकाळी साडेनऊला. मधल्या शनिवारी किती घरांत विमानाची तिकिटं शोधली गेली, ते ग्रुपवर सगळ्यांनी पाहिलंय. नंतर खुलासा आला की हे फक्त नव्या अर्जांना, आधीच्या व्हिसाधारकांना नाही.

त्यामागेही काँग्रेसनं दिलेली परमिशनच. १९५२ च्या स्थलांतर कायद्यात लिहिलंय की देशाच्या हिताला बाधक वाटेल त्या परदेशी लोकांचा प्रवेश राष्ट्राध्यक्ष थांबवू शकतो. काही देशांच्या नागरिकांना बंदी घालायला ट्रम्प यांनी पहिल्या कारकिर्दीत हेच कलम वापरलं होतं आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ नं ते मान्य केलं. पण प्रवेश थांबवणं आणि प्रवेशासाठी एवढी रक्कम घेणं एकच का, यावर आता वेगळे खटले चाललेत. अक्कलकोट रोडचा टॉवेल आणि हिंजवडीतला डेव्हलपर, दोघांची गोष्ट एकाच मुद्द्यावर येऊन थांबते: उसनी घेतलेली ताकद किती ताणायची?

आता दिल्लीची खुर्ची

आपल्या घटनेचं ५३ वं कलम वाचलं तर वाटेल की सगळी सत्ता राष्ट्रपतींचीच. संघराज्याचे कार्यकारी अधिकार त्यांच्या ठायी आहेत असंच लिहिलंय. पण ७४ वं कलम म्हणतं की मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं वागायचं. फार तर एकदा "पुन्हा विचार करा" म्हणून परत पाठवता येतं. तोच सल्ला पुन्हा आला की मान्य करावाच लागतो. परदेशी राजदूत राष्ट्रपती भवनात येऊन आपली अधिकारपत्रं राष्ट्रपतींनाच देतात. परदेश दौऱ्यावर राष्ट्रपती देशाचा चेहरा असतात. पण धोरण ठरतं मंत्रिमंडळात.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण महाराष्ट्राच्याच प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असतानाचं आहे. २००८, भारत-अमेरिका अणुकरार. करार एक आणि प्रेसिडेंट दोन, इकडे प्रतिभाताई, तिकडे बुश.

इकडे काय झालं? जुलैमध्ये डाव्या पक्षांनी पाठिंबा काढल्याचं पत्र राष्ट्रपती भवनात जाऊन दिलं. २२ जुलैला लोकसभेत मतदान झालं, मनमोहन सिंग सरकार २७५ विरुद्ध २५६ नं तरलं. नीट ऐका, ते मतदान करारावर नव्हतं. सरकारवर विश्वास आहे का, यावर होतं. आपल्याकडे करार करायला संसदेची मंजुरी लागत नाही, पण करार करणारं सरकार संसद केव्हाही पाडू शकते. शेवटी १० ऑक्टोबरला सही केली ती परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जींनी.

तिकडे काय झालं? ज्याला आपण जगातला सगळ्यात ताकदवान माणूस म्हणतो, त्या बुश यांना हा करार काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांतून मंजूर करून घ्यावा लागला. कारण अणुऊर्जेच्या कायद्यात काँग्रेसनं ती चावी स्वतःकडे ठेवली होती. टॅरिफमध्ये राष्ट्राध्यक्ष एका रात्रीत दर दुप्पट करतो आणि अणुकरारात काँग्रेससमोर थांबतो. खुर्ची तीच, फक्त कायदे वेगळे. जिथं काँग्रेसनं चावी ठेवली तिथं तो थांबतो, जिथं दिली तिथं तो पळतो.

मग आपल्याकडे टॅरिफ कोण बदलतं?

आपल्या घटनेचं २६५ वं कलम सांगतं की कायद्याच्या आधाराशिवाय कुठलाही कर नाही. पण १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात संसदेनं केंद्र सरकारला अधिसूचना काढून सूट द्यायचा अधिकार दिलाय. म्हणजे उसनी ताकद आपल्याकडेही आहे!

ताजं उदाहरण घ्या. अमेरिकेचा दणका बसल्यावर सरकारनं आयात कापसावरचं ११ टक्के शुल्क १९ ऑगस्टपासून माफ केलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. कापूस स्वस्त, सूत स्वस्त, टॉवेलवाल्याला थोडा श्वास, असा हिशोब. पण तोच बाहेरचा स्वस्त कापूस विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या कापसाशी स्पर्धा करायला आला, तोही नेमका वेचणीच्या हंगामात. हा निर्णय कागदावर सरकारचा. सरकारचं सगळं काम राष्ट्रपतींच्या नावानं चालतं, पण तो राष्ट्रपतींनी बसून घेतलेला नाही. त्याचा जाब विचारायचा तो अर्थमंत्र्यांना, लोकसभेत.

आणि एक वाट करारांची. २४ जुलै २०२५ ला ब्रिटनशी मुक्त व्यापार करार झाला. आपल्या बाजूनं सही वाणिज्यमंत्री पीयूष गोयल यांनी केली. त्यात आपल्या कापडाला तिथं शून्य शुल्काची वाट ठरली आहे. सोलापूरच्या कारखानदारानं एकाच देशावर भिस्त ठेवू नये, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

मित्राच्या प्रश्नाचं उत्तर

तर दादाला विचारणाऱ्या भावा, आपल्या राष्ट्रपती उलट सही का करत नाहीत? कारण ते पेन त्यांच्याकडे नाही, मंत्रिमंडळाकडे आहे, आणि मंत्रिमंडळाला ते संसदेच्या कायद्यानं दिलंय. ट्रम्प करू शकतात कारण त्यांच्या संसदेनं वर्षानुवर्षं पेन देत देत परत घ्यायची सोय गमावली. दोन्हीकडे मूळ मालक एकच, निवडून दिलेलं सभागृह.

म्हणून पुढच्या वेळी "अमुक नेत्यानं एका सहीत करून टाकलं" असं रील समोर आलं की तीन प्रश्न विचारा. ही सही कुठल्या कायद्याखाली आहे? त्या कायद्यात मुदत आणि मर्यादा किती? आणि हा अधिकार परत घ्यायला किती मतं लागतात? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "दोन तृतीयांश" असेल तर समजा, परमिशन देताना कुणीतरी अटी न वाचता "अलाऊ" दाबलंय. आपले खासदारही असे कायदे पास करत असतात. मतं मागायला दारात आले की त्यांना हेच विचारायचं.

टॉवेलच्या धंद्यातलं कुणी ऐकत असेल तर ऑर्डरचं काय चाललंय ते व्हॉइस नोटनं नक्की कळवा, नाव घेणार नाही. चला, भेटू पुढच्या भागात!